नोरा बेलचा आवाज

३ मार्च, शनिवार

माझा आवाज बाजारात विकला जातोय, आणि मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही!

खालच्या मजल्यावरचे वोल्स्की सकाळी बीटच्या सूपचं भांडं घेऊन आले. आयुष्यभर भुयारी रेल्वे चालवली. निवृत्त झाल्यापासून दिवसभर व्हिडिओ गेम खेळत बसतात. दारातच म्हणाले, "कीननबाई, काल आमच्या घरी तुम्ही काय बोललात हो! त्या दंतवैद्याला पार रडवलंत."

मला वाटलं, म्हातारा भ्रमला. मग उलगडा झाला. 'साक्ष' या माझ्या जुन्या टीव्ही मालिकेवरून कुणीतरी गेम काढलाय.

नऊ वर्षं मी 'साक्ष'मधली सरकारी वकील नोरा बेल होते. दर बुधवारी, साऱ्या देशाच्या घरात. मग एक दिवस रंगभूषेच्या खुर्चीत बसलेली असताना संहिता हातात आली आणि कळलं, की आज मला कोर्टाच्या पायऱ्यांवर गोळी घालणार आहेत. आधी एका शब्दाने कुणी बोललं नाही. केक मात्र आणला होता.

मागच्या शरदात या कॅलिफोर्नियातल्या गेमवाल्यांनी विचारलं, तेव्हा मी मोर्टला सांगितलं होतं — माझा खोकलासुद्धा त्यांना मिळणार नाही. आणि आता हे.

५ मार्च

मोर्टशी फोनवर भांडण. माझा एजंट आहे की त्यांचा, कळत नाही. म्हणतो, तुझा चेहरा वापरायचा हक्क त्यांचाच आहे, मालिकेच्या जुन्या करारात आपणच लिहून दिलाय. आवाजाला कुणी नक्कल करणारी धरली असणार. वकील बघ म्हटलं. "आर्डिथ, आधी ऐक तरी," म्हणे.

ऐकते. नक्कल काय, ढोबळच असणार.

६ मार्च

ऐकलं.

वोल्स्कींच्या कोचावर, मांडीवर त्यांचं मांजर. पडद्यावर मीच — रेखाटलेली, कंबर बारीक केलेली, केस कधी नव्हते इतके दाट. समोर साक्षीदार बसतो. तो काही बोलला की खाली तीन पर्याय येतात: दटावा, विश्वास ठेवा, गप्प राहा. आपण एक निवडायचा, की नोरा तसं बोलते. बंदुका नाहीत, पळापळ नाही, नुसतं बोलणं. वोल्स्कींना म्हणूनच आवडतो.

नोराने तोंड उघडलं आणि मी मांजराला थोपटायची थांबले. नक्कल नव्हती ती. 'म्हणजे'च्या आधी मी किंचित थांबते, ते थांबणं होतं. वाक्य संपताना आवाज खाली न सोडता तसाच धरून ठेवते, तेही होतं. हे शिकवून येत नाही. मी कुणाला शिकवलेलं नाही.

आणि तिच्या तोंडी घातलेली वाक्यं! "मला तुमची काळजी वाटते." नोरा बेलला कधी कुणाची काळजी वाटली होती? मी ओरडले. मांजर पळालं.

कोण आहे ही बाई, ते बघायचं तर शेवटची नामावली बघायला हवी. आणि ती गेम संपल्याशिवाय दिसत नाही. आणि वोल्स्की सगळ्याच साक्षीदारांवर विश्वास ठेवतात.

७ मार्च

वोल्स्की पुन्हा हरले. खुनी त्यांना "घरंदाज" वाटला.

९ मार्च

मीच हातात घेतलं. दटावा, दटावा, दटावा. माळी कोसळला, बँकवाला कोसळला, ती गोड बोलणारी विधवा कोसळली. वोल्स्की बाजूला बसून पुटपुटत होते, "जरा हळू, बाई, जरा हळू."

नामावली आली. नोरा बेल — ब्रिन ओस्टरगार्ड.

वोल्स्कींनी विचारलं, ओळखीची आहे का? मी म्हटलं, माझी मुलगी आहे. त्यांनी टीव्ही बंद केला.

१० मार्च

ब्रिन. बापाचं आडनाव लावते. चार वर्षं बोललेली नाही माझ्याशी. बाप गेला तेव्हा त्याचा पियानो मला न विचारता शाळेला देऊन टाकला — "त्यानेच सांगितलं होतं" म्हणे, जसा काही तो मला सांगू शकत नव्हता! त्यानंतर तिकडे कॅलिफोर्नियात, ओकलंडला निघून गेली, छोट्या नाटकांत कामं करते. नाताळाला कार्ड येतं, त्यावर नुसती सही. बोलायला शब्द नव्हते. पण माझा आवाज घ्यायला हात लांब केला. परक्याने केलं असतं तर नुसता राग आला असता. आता राग कुठे ठेवू हेच कळत नाही. सगळ्या घरात भरून राहिलाय.

११ मार्च

फोन केला. उचलला.

मी नमस्कार-चमत्कार केले नाहीत. विचारलं, मला सांगावंसंही वाटलं नाही?

"त्यांनी आधी तुला विचारलं होतं, आई. तू नाही म्हणालीस."

"मी नाही म्हणाले याचा अर्थ नाही असा होतो. तू घे असा होत नाही."

मग म्हणाली, "वीस वर्षं मी ऑडिशनला जातेय. तोंड उघडलं की समोरची माणसं एकमेकांकडे बघतात. मग म्हणतात, छान, पण तुमची आई आठवते. वीस वर्षं या आवाजापायी मला नाही म्हणालेत. एकदा हो म्हणाले. मी तुझं काही घेतलेलं नाही. माझ्या घशातून दुसरा आवाज येतच नाही."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

हे असं बोलायला कुठे शिकली? संहितेतलं वाटलं. तोंडपाठ केलेलं!

१४ मार्च

वकिलाने मसुदा पाठवला. मोर्टने तीनतीनदा सांगितलं, कंपनीच्या नावाखाली ब्रिनचंही नाव घालावं लागेल. घाला, म्हटलं. सही केली. पेन कागदात रुतलं. कागद मोर्टकडे धाडला.

१५ मार्च

झोप बरी लागली. अगदी बरी.

२ एप्रिल

खटल्याचं सांगितल्यापासून वोल्स्की वर येत नाहीत. जिन्यात भेटले तर टोपी काढतात आणि पुढे जातात. मी केलंय काय? माझ्या हक्काचंच मागतेय ना!

२ मे

मोर्टला कामावरून काढला.

गेमचा दुसरा भाग निघतोय. त्यात एक म्हातारी साक्षीदार आहे — खोटं बोलणारी, कडक, नोराला पुरून उरणारी. ती मी करावी म्हणे! मला माझ्याच आवाजाने प्रश्न विचारणार आणि मी उत्तरं देणार! मी म्हटलं, खटला चाललेल्या बाईला हे विचारायची हिंमत कशी होते त्यांची? मोर्ट खाकरला. "कसला खटला? आर्डिथ, तो कागद माझ्या खणात आहे. मी त्या मुलीला बारशाला मांडीवर घेतलं होतं. मी नाही पाठवला."

दीड महिना! दीड महिना मी वाट बघतेय, तिला नोटीस मिळाली असेल, ती घाबरली असेल, ती फोन करेल — आणि तिला ठाऊकच नाही.

फोन आपटून आपटून त्याला चीर गेलीय.

३ मे

मोर्टला परत घेतला. दुसरं कोण माझं ऐकून घेणार?

त्याने साक्षीदाराची संहिता पाठवलीय. वाचायची नव्हती. वाचली. बरी आहे. बाई एकदाही माफी मागत नाही.

५ मे

हो म्हणून कळवलं. उगाच नाही. या लोकांचे नट एकेकटे बंद खोलीत बोलून जातात, समोरचं माणूस कधी दिसतही नाही. मी अट घातली — नोरा माझ्यासमोर बसली पाहिजे. समोरासमोर. मग दाखवते, हा आवाज कुणाचा आहे ते. पुरती उलथून टाकते तिला.

६ जून, सान राफाएल, कॅलिफोर्निया

ब्रिनचे केस पिकायला लागलेत. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मध्ये दोन माईक, पलीकडे काचेमागे ध्वनिमुद्रण करणारा. तिने मान लववली, मी लववली. बस्स. प्रत्येक प्रश्न तीन तऱ्हांनी, प्रत्येकाला माझं वेगळं उत्तर. मी एकही सोपं दिलं नाही. तिनेही नाही. एकदा मी वाक्य संपायच्या आत तोडलं, तर तिने तेच तोडणं उचलून माझ्यावर उलटवलं. ते माझ्याकडे नाही. मला सुचलंच नसतं. काचेमागचा माणूस हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत हसला नाही.

संध्याकाळपर्यंत घसा बसला. मी उठायला गेले, तर गुडघा धरला. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा विझलेला होता.

"थकलीस का ग?" ब्रिन म्हणाली.

नऊ वर्षं नोरा बेल होते मी. तिचा आवाज मी कुठेही ओळखेन. हा तो नव्हता. हा मी याआधी कधी ऐकलाच नव्हता.

हो, म्हटलं. थकलेय.