सारखं खरवडून बघू नकोस

बाबा, तुमच्यावर चिडलेय मी. गेलेल्या माणसावर चिडून काय मिळतं, असं आई म्हणेल, म्हणून तिला सांगत नाही, थेट तुम्हालाच लिहितेय. आत्ताच वापीहून आले. केसांत तो चिकट जेल तसाच आहे, उठून डोकं धुवायचंही त्राण नाही. कसला जेल, असं विचाराल. तर ऐका. मला डिप्रेशन आहे. गोळ्या बदलून बदलून झाल्या, फरक काडीचा नाही. मग वापीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आपण दोन उपाय एकत्र करून बघू. आधी डोक्याला डावीकडे चुंबकाचं यंत्र टेकवतात. ते टकटक करत मेंदूच्या सुस्तावलेल्या भागाला जागं करतं. भुवई उडते, दात वाजतात, दुखत नाही फारसं. मग केसांत जेल चोपडून तारांची टोपी चढवतात आणि समोर पडद्यावर एक हिरवी पट्टी येते. मेंदू हवा तसा चालला की पट्टी वर, नाहीतर खाली. जाग्या झालेल्या मेंदूने आता ती पट्टी बघून स्वतःच शिकायचं. आहे की नाही गंमत? हेही जमलं नाही तर पुन्हा नवीन काही सुरू करायची ताकद माझ्यात उरलेली नाही. खरंच नाही, बाबा.

आणि पट्टी काही वर जाईना. बाई आपल्या म्हणतात, "ढीलं सोडा बेन, एकदम ढीलं." ढीलं सोडायला ते काय गुराचं दावं आहे? महालक्ष्मीचा डोंगर आठवून झाला, नातीचं बोळकं आठवून झालं, लहानपणी खायचो ती पानमोडी आठवून झाली. पट्टी ढिम्म! जितकं तिच्याकडे टक लावून बघावं तितकी ती खाली बसते. घरी आले की आमचे हे विचारतात, "आज कितीपर्यंत गेली?" जसं काही मी मुद्दामच खाली ठेवून येते. आणि आई? ती कोकमाचं सार पुढे करते. "पित्त झालंय गं तुला. बाबांना व्हायचं तसंच."

तसंच, म्हणाली ती. त्या एका शब्दावरून माझं डोकं फिरलंय. त्या वर्षी वाडीत चिकू लगडलेला आणि तुम्ही मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. दाढी वाढलेली, ताट जसंच्या तसं परत. येईल त्याला आई दारातूनच सांगते, "पित्त खवळलंय त्यांचं." आत्या आशागडहून भगताला घेऊन येते, तो अंगारा लावतो, नारळ ओवाळतो, तुम्ही कूसही बदलत नाही. मग आईने आम्हा पोरांनाच चिकू काढायला वाडीत धाडलं. मी झाडाखाली उभी. प्रत्येक चिकूची साल अंगठ्याच्या नखाने खरवडून बघतेय, आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर काढायला तयार. चुकेन या भीतीने एकच फळ परत परत खरवडतेय. आणि मागून आवाज येतो, "सोड ते. सारखं खरवडून बघू नकोस. खरवडून फळ पिकतं काय?" बघते तर तुम्ही! लुंगी चुरगळलेली, उन्हाने डोळे बारीक केलेले. किती दिवसांनी तोंडातून शब्द निघाला आणि तोही ओरडण्यासाठी. मी रडले, पण बाबा बोलले म्हणून आतून बरंही वाटलं.

पण एवढंच बोलायचं होतं का हो? मला असं असं होतं पोरी, एवढं पुढे कधीतरी सांगितलं असतंत तर? मी इतकी वर्षं स्वतःलाच आळशी, नाटकी म्हणत बसले नसते. पित्त म्हणे!

मागच्या आठवड्यात त्या खुर्चीत बसून याच रागाने मी धुमसत होते. पट्टीकडे लक्षच नव्हतं. खरवडून फळ पिकतं काय म्हणे, म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं, फक्त स्वतःबद्दल बोलता येत नव्हतं! आणि बाईंनी टाळी वाजवली. "अरे वा बेन! वर गेली, टिकली पण! काय आणलं मनात?" आता काय सांगू? भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबा? पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, तेव्हाही मी नाही म्हटलं होतं. तुमचं नाव जिभेवर येईना. मी म्हटलं, "समुद्र. आमच्या नरपडचा."

झालं! तेव्हापासून त्या मला समुद्र लावून देतात. कानात लाटा, पडद्यावर लाटा. जन्म गेला माझा त्या आवाजात, मला त्याचं काय कौतुक? पट्टी पुन्हा तळाला. त्या बिचाऱ्या यंत्र तपासतात, तारा बदलतात, लाटांचा आवाज कमीजास्त करतात.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण आई रोज फोटो पुसते. तेव्हा फाडूनच टाकेन. आज जाताना गाडीत वाक्य पाठ केलं होतं, "बाई, समुद्र बंद करा, मला माझ्या बाबांबद्दल सांगायचंय." खुर्चीत बसले. टोपी घातली. बाईंनी हसून विचारलं, "समुद्र लावू ने, बेन?"

लावा, म्हटलं मी.