पुस्तकातला शेवट

रविवार, संध्याकाळ. नेरूळ.

वाईट वागले का मी? वागले असेन. पण पस्तावा काही होत नाहीये.

आमच्या सोसायटीच्या फिल्म क्लबात सिनेमाआधी प्रस्तावना करायचा मान देसाई सरांचा. सिनेमा ते आधी कधीच बघत नाहीत. मी व्हॉइस नोट पाठवते आणि ते माझीच वाक्यं स्वतःची म्हणून बोलतात, रुमालाने चष्मा पुसत. माझं नाव एकदाही नाही. गेल्या वेळी तर सगळ्यांसमोर मलाच विचारलं, "तुला कळला का गं सिनेमा?" तेव्हाच ठरवलं.

आज जुना फ्रेंच सिनेमा होता, खुनाचा, कादंबरीवरून केलेला. कादंबरीत खून करणारी बायको शेवटी गुन्हा कबूल करते. सिनेमात ती सुटते. मी सरांना फक्त कादंबरी सांगितली. त्यात खोटं एक अक्षर नाही.

सरांनी चष्मा पुसला. "शेवटी तिचा कबुलीजबाब बघा. मी तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा रडलो."

हे रडणं मात्र त्यांचं स्वतःचं, मी पाठवलेलं नव्हतं.

सिनेमात बायको हसत बोटीत बसली आणि सिनेमा संपला. लाइट लागले. शेजारच्या शिरवणे गावच्या म्हात्रेकाकूंनी सरळ विचारलं, "सर, कबुली कुठं हाय? ती तं पलाली."

सर पुन्हा चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसला. मग सवयीने माझ्याकडे बघितलं, पुढचं वाक्य मी द्यावं म्हणून.

मी चहात बिस्कीट बुडवलं.