बाटलीत गोठलेला सोडा

मुलुंड, रविवार, ८ मे १९५५

मामंजींनी पुढे केलेला तो पेला डोळ्यांपुढून हलत नाही.

यांनी सरकारी नोकरी सोडून इथल्या कारखान्यात जागा धरली, तेव्हापासून बापलेकांत अबोला. एकाच खोलीत बसून दोघं माझ्यामार्फत बोलतात. 'त्याला सांग, पाणी तापलंय.' 'त्यांना सांग, ऐकलं.' मी सून की पोस्टमन?

आज आइस्क्रीमचा संचा फिरवून झाल्यावर उरलेल्या बर्फमिठाच्या बादलीत यांनी गोळीसोड्याच्या बाटल्या बुडवून ठेवल्या, आणि विसरले. जेवणानंतर मामंजींचं पोट फुगलं. सोडा हवा होता, तोही अर्थात मला सांगून. यांनी बाटली काढली. आत नेहमीसारखं स्वच्छ पाणी. मामंजींनी पेला पुढे केला, यांनी अंगठ्याने गोळी दाबली, फस्स झालं आणि बघता बघता गळ्यापासून बुडापर्यंत सगळा सोडा पांढराफेक बर्फ. यांनी बाटली पेल्यावर उपडी धरली. थेंब पडेना.

"अरे, हे काय केलंस तू?" मामंजी म्हणाले. थेट यांना.

"काही नाही, अण्णा. नुसती गोळी दाबली."

"दुसरी फोड बघू."

दुसरीही तशीच गोठली. मग दोघं बादलीपाशी फतकल मारून बसले, डोक्याला डोकं लावून. असं का होतं यावर वादही घातला. पोटफुगी कुठे गेली कोण जाणे. रिकामा पेला मात्र मामंजींच्या हातात तसाच.

संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, "मामंजी, यांना काही सांगायचंय?"

"तुझं काय काम मध्ये?" म्हणाले, आणि पेला तेवढा मला विसळायला दिला.