बेटावर जायची रीत

१२ एप्रिल १९७३, गुरुवार

गोदावरी आटली आणि आमचं बेट उघडं पडलं. इतकी वर्षं मध्ये पाणी होतं म्हणून तिथली उंबरं, जांभळं वाचली, करकोच्यांची घरटी वाचली. आसपास असं रान दुसरं नाही. आज भर दुपारी आमचे सरपंच रामभाऊ गुरांच्या पाल्यासाठी झाडं पाडायला माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन निघाले. तेही चपला घालून!

"होडीत चढायच्या आधी चपला काढायच्या, ही बेटावरच्या देवीची रीत ना रे?" मी घाटावरून विचारलं. रामभाऊ माझाच जुना विद्यार्थी.

"बाई, आता होडीच न्हाई."

"होडी बंद झाली. देवी नाही."

माणसांनी चपला काढल्या. मग त्यालाही काढाव्या लागल्या. तापलेल्या वाळूवर थोडा गेला आणि नाचतच परतला.

"जनावरं उपाशी हायेत, बाई. तुमाला पाखरांचं पडलंय!"

ते मात्र लागलं. खोटं कुठे बोलला? पण चार दिवसांच्या पाल्यासाठी आजोबांच्या वेळचं झाड आडवं करायचं?

नन्सच्या शाळेत वाढलेली मी, कधी देवीला हात जोडले नाहीत, आणि आज तिच्याच आडून भांडले. लाज वाटायला हवी. वाटत नाही.

पण पहाटे वाळू गार असते. रामभाऊला ते सुचेलच. उजाडायच्या आत घाटावर जाऊन बसते. तेव्हा रीत कामाची नाही, मलाच त्याला समजवावं लागेल. तेही न ओरडता. तेच कठीण.