नातीसाठी कॉलेज पाहताना

बाबा, तुम्ही कधी न पाहिलेल्या तुमच्या नातीला फिजिशियन असिस्टंट व्हायचे आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासायचा, त्याची हकिगत टिपायची, शस्त्रक्रियेत हाताशी राहायचे. स्वतः डॉक्टर मात्र व्हायचे नाही. तुमची सून तुमची आठवण काढत म्हणाली, "म्हणजे मामाजींसारखी कंपाउंडरच ना?" मुलगी भडकली. मला आपल्या मुर्री गावच्या घरातले स्वयंपाकघर आठवले. चुलीवर दवाखान्याच्या सुया उकळत आहेत, मी कुतूहलाने चिमटा उचलतो आणि तुम्ही गरजता, "हात काऊन लावून रायला बे? कोनाचं गळू पिकलं तं डाक्टर मलेच इचारल!" त्या ओरडण्यातली भीती मला आता, मुलीसाठी कॉलेज शोधताना, कळते आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघे एक संस्था पाहून आलो. काचेच्या खोल्या, संगणक, सरावासाठी रबरी पुतळे. मी विचारले, वॉर्ड कुठे आहे? कार्यालयातले गृहस्थ हसले. "सर, हॉस्पिटल से टाय-अप है. टेन्शन मत लो." मी ते घेतले, आणि ऑटो करून थेट त्या रुग्णालयात गेलो. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "या कोर्सचे विद्यार्थी? आमच्याकडे तर कोणीच येत नाही." बाहेर येताच मुलगी तडकली, "हे तिसरं कॉलेज, पप्पा! एवढी चौकशी तर लोक जावयाचीही करत नाहीत." उद्या हिच्या हातांखाली कोणी खरा माणूस वेदनेने कण्हत असेल, असे मनाशी म्हणत मी परतीचा ऑटो थांबवला.

मग तिनेच एक कॉलेज शोधले, चेन्नईच्या बाजूला. रुग्णालय त्याच आवारात. विद्यापीठाची मान्यता मी पडताळली. तिथे शिकणाऱ्या भंडाऱ्याच्या एका मुलीला फोन केला. "काका, वॉर्डात इतकं उभं राहावं लागते का पाय सुजतात," ती म्हणाली. माझे समाधान झाले, आणि लगेच मी चेन्नईला पोहोचायला किती तास लागतात ते पाहू लागलो.

आज सायंकाळपर्यंत होकार कळवला नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल. आत्ता ती दारात उभी आहे. "पप्पा, आता काय पाहायचं राहिलं?" मी म्हणालो, थांब, एक गोष्ट तपासतो आहे. बाबा, तपासण्यासारखे काहीच उरलेले नाही. हे तिला सांगायचे सोडून मी तुम्हाला लिहीत बसलो आहे.