सायचं आणि बटणचं जेवण

४ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी लिहिलं ते चूक आहे. मी लिहिलंय, ‘डॉक्टरबाई म्हणाल्या, धाप लागणं, दिसेनासं होणं, वयामुळे होतं असं.’ तसं त्या म्हणाल्याच नाहीत. माझ्या मांजरीचं, सायचं वय त्यांनी विचारलं, मी सहा सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तरुणच आहे की.” मग विचारलं, खायला काय देता? मी जरा ऐटीतच सांगितलं — पाकिटातलं काही नाही, सगळं घरी शिजवते. चिकन चांगलं उकडायचं, फेसाचं-चरबीचं पाणी फेकायचं, तुकडे पुन्हा धुऊन घ्यायचे, मग भात आणि गाजर.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “पाणी फेकता?”

मांजराला टॉरिन म्हणून काहीतरी लागतं. त्याच्या अंगात ते पुरेसं तयार होत नाही, मांसातून मिळतं. उकडलं की पाण्यात उतरतं. ते नसलं की हृदय सैल पडतं आणि डोळ्यांचा पडदा झिजतो. म्हणजे वर्षभर मी तेच मोरीत ओतत होते. स्वच्छता म्हणून!

लिहिताना हात वयाकडे का वळला, माहीत नाही. माहीत आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

टॉरिनची भुकटी सुरू केली. भात बंद. चिकन त्याच्या पाण्यासकट. सायने दोन घास खाल्ले, मग फ्रिजशेजारी जाऊन पडली. पोट भात्यासारखं हलतंय. हृदय थोडं सावरेल कदाचित, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. डोळ्यांचं गेलं ते गेलं. वाटी वीतभर सरकवली तर जुन्या जागी जाऊन फरशी चाटते.

आईने सकाळी गोळ्यांची पट्टी पुढे केली. “ही जेवणाआधीची ना गं?” रोज विचारते, रोज मी न बघता ‘हो’ म्हणते. आज वाचली. परत वाचली. मग खिडकीत नेऊन वाचली. आई म्हणाली, “काय, परीक्षेला बसलीस का?”

घरात शाळेत गेलेली मी पहिली. बिलं, नोटिसा, औषधं — सगळं माझ्याकडे येतं. मी वाचलं म्हणजे तसंच असणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टाळत होते ते लिहून टाकते. खालचे शिंपीकाका. त्यांच्या बोक्याला, बटणला, हे जेवण मीच लावून दिलंय. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या ओट्याशी उभं राहून शिकवलं. ते आपले पाकिटातलं खाणं घालत होते, बोका बरा होता. मीच म्हटलं, “काका, त्यात काय काय असतं, वाचलंय का कधी?” ते म्हणाले, “मला कुठलं वाचता येतंय? तू वाचलंस ना, झालं.”

आज छापखान्यातून येताना त्यांनी दुकानातून हाक मारली. “या मास्तरीणबाई! तुमचा विद्यार्थी बघा.”

बटण शिलाई मशीनवर, दिव्याच्या अगदी खाली बसला होता. काकांनी त्याची हनुवटी वर केली. “बघ, डोळे कसे टपोरे झालेत. आधी नुसती रेघ असायची. सगळी तुझ्या जेवणाची करामत. गिऱ्हाइकं विचारतात, काय घालता म्हणून.”

एवढ्या उजेडात डोळ्यांतल्या बाहुल्या आकसायला हव्यात; या पूर्ण काळ्या, रुंद. सायच्या होत्या तशाच.

मी विचारलं, “उकडलेलं पाणी काय करता?” वाटलं, फेकत नसतील. जुनी माणसं काही फेकत नाहीत.

“फेकतो कुठला! मिरपूड टाकून मी पितो. मांस त्याला, पाणी मला. गुडघे हलके झाले बघ माझे.”

मी हसले. खरंच हसले. मग “आई वाट बघत असेल” म्हणून वर आले.

८ नोव्हेंबर, शनिवार

आईला सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. “चूक झाली. मुद्दाम केलीस का? मग. दवंडी पिटायची काय गरज? अख्खी बिल्डिंग तुझ्या शब्दावर चालते. उद्या कोण विचारेल तुला?”

“बटण आंधळा होईल, आई.”

“बोका आहे तो. वासावर जगेल.”

मग, माझ्याकडे न बघता — “माझ्या गोळ्या तरी बरोबर आहेत ना गं?”

९ नोव्हेंबर, रविवार

जिना उतरले. काकांच्या दारातून चिकन शिजल्याचा वास येत होता. वर आले.

१० नोव्हेंबर, सोमवार

मी काय करतेय ते मला कळतंय. साय सुधारण्याची वाट बघतेय. ती बरी झाली की खाली जाऊन म्हणायचं, काका, थोडी चूक होती, पण बघा, उपाय आहे. हातात काहीतरी घेऊन जायचं. तोवर बटणची उरलेली नजर रोज थोडी जातेय. डॉक्टरबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, लवकर कळलं तर उरलेलं वाचतं. भुकटी माझ्या फडताळात आहे. एक जिना खाली न्यायची आहे, बस.

कामात मन नाही. छापखान्यात प्रूफ तपासताना अख्खी ओळ गळालेली मला दिसली नाही. मालक म्हणाले, “तुमच्या हातून? नवल आहे.” सगळ्यांना नवलच वाटणार.

साय आज खात नाही. पाणी कोमट करून बोटाने ओठांना लावलं. जीभ बाहेर आली नाही. भुकटीने वेळ लागतो म्हणतात. मला नाही वाटत तिच्याकडे वेळ आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साय सकाळी गेली. फ्रिजशेजारीच.

दुपारी काका वर आले. गुडघे धरत, बटणला कडेवर घेऊन. “रडू नकोस पोरी. तू तिचं जेवढं केलंस तेवढं कोणी माणसाचं करत नाही. हा घे, ठेवून घे. तुझ्या हातचं जेवेल. मला काय, दुकानात गिऱ्हाइकं असतात बोलायला.” बोका माझ्या मांडीवर ठेवला आणि मागे न बघता उतरले.

आई हळूच म्हणाली, “सुटलीस. आता गुपचूप भुकटी घाल. त्यांना कळायचं कारण नाही.”

बटण मांडीवरून उतरला, त्यांच्या मागे निघाला आणि दाराच्या चौकटीवर आपटला.

भुकटी आत्ताच घातली, पाण्यासकट. सगळं खाल्लं त्याने.

उद्या, बुधवारी सकाळी, काका दुकान उघडायच्या आधी त्याला परत घेऊन जाणार. आणि आत बसून सगळं सांगणार.