पर्निलचा निरोप

स्कारवीक,
३ जून १९७६

चि. सौ. आस्लाउग हिला,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नील्सला दाढा येताहेत, पर्निल सायकल शिकतेय, प्रेबेनने पुन्हा दाढी वाढवलीय, सगळं कळलं. दाढीचं कौतुक मी समक्षच करीन. आता माझी बातमी ऐक, पण आधी खुर्ची ओढून बस.

बाबांच्या हृदयाची झडप निकामी होत आली आहे. डॉक्टर म्हणतात, ऑगस्टमध्ये ओस्लोला नेऊन ऑपरेशन करायचं, आणि तोवर बोट नाही, जाळी नाही, लाकूड फोडणं नाही. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि घरी आल्यावर पहिलं काम कुठलं केलं असेल तर कुऱ्हाड हातात घेतली. मी ओरडले, तर म्हणाले, हात गारठले होते म्हणून जरा हलवले. या वयात हे ऑपरेशन झेपेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना कुणी काही बोललेलं नाही, पण ते समजून चुकलेत. परवा सहज विचारल्यासारखं विचारत होते, की त्या डेन्मार्कवालीची पोरं आता केवढी झाली असतील.

मी लगेच संधी साधली आणि विचारलं, की या उन्हाळ्यात बोलावू का. त्यांनी पाइप कोरायला घेतला. मग म्हणाले, पोरं येऊ देत. तिचा नवरा, तो प्रेबेन आला तरी चालेल, निरुपद्रवी माणूस आहे. ती मात्र नको. ती दिसली की मी बोट काढून बाहेरच्या बेटावरच्या खोपटात जाऊन राहीन, ती परत जाईपर्यंत.

आई जाऊन पाच वर्षं झाली, पण यांचं गाडं तिथंच रुतलंय. येते म्हणून तुझी तार आली, तेवढ्यावर त्यांनी दफन लांबवलं आणि येईल त्या फेरीबोटीला धक्क्यावर जाऊन उभे राहिले. तू का आली नाहीस ते त्यांना ठाऊक आहे. पर्निलची जन्मतारीखसुद्धा तोंडपाठ आहे. पण कारण कळलं म्हणून माणसाचा राग जातोच असं थोडंच आहे?

तरी तू ये. ऑपरेशननंतर येईन म्हणशील तर ते ‘नंतर’ कुणी बघितलंय? फक्त तुझ्या पोरांचं डॅनिश त्यांना कितपत उमगेल देव जाणे. त्यांचं म्हणणं, तिकडची माणसं तोंडात गरम बटाटा धरून बोलतात.

प्रेबेनला आणि त्याच्या दाढीला माझा नमस्कार. मुलांना गोड पापा. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सोल्फ्रीदताई


ओडेन्से,
११ जून १९७६

ती. सोल्फ्रीदताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस नुसता गोंधळ घातला. नील्सला एकाच पायात दोन मोजे घातले, आणि प्रेबेनच्या डब्यात पाव ठेवायला विसरले. तो बिचारा काही बोलला नाही, म्हणजे पत्र त्याने वाचलं असणार.

ताई, तुला म्हणून सांगते. त्या वेळी मी स्टेशनवर सामानासकट उभी होते आणि तिथेच कळा सुरू झाल्या. आई तिकडे गेली आणि मी इकडे आई झाले, एकाच आठवड्यात. मला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. हे मी बाबांना फोनवर सांगायला गेले, तर आवाज ओळखून त्यांनी फोन ठेवला. पुढेही दरवेळी ठेवला. मग मीही हट्टाला पेटले. मुलगी कुणाची आहे!

आता मात्र हट्ट बाजूला ठेवला. आम्ही २२ तारखेला निघतो, १ जुलैच्या गुरुवारी तिकडच्या फेरीबोटीवर असू. फ्रेडरिक्सहाव्हनहून बोटीने ओस्लोच्या बाजूला उतरायचं आणि तिथून गाडीने सरळ उत्तरेला, बोडोपर्यंत. वाटेत तंबू. प्रेबेनला यात सहलीची मजा दिसते आहे. मागच्या सीटवर दोन पोरं, त्यातलं एक वळणावळणाला ओकणारं, ही मजा तो अजून चाखायचाय. बोडोच्या टपाल कचेरीत माझ्या नावाने पत्र टाकून ठेव, मी पोचल्यावर विचारीन.

एकच भीती आहे. ते खरंच बोट काढून गेले तर? ती झडप, ते थंड पाणी, आणि सोबत कुणी नाही. माझ्या तोंडाकडे बघायला नको म्हणून गेले आणि त्यांचं काही बरंवाईट झालं, तर मी कुठे तोंड दाखवू? दाखवायला तरी कोण उरेल, तू सोडून?

मुलांशी आम्ही घरी डॅनिशच बोलतो. दोघांचाही बटाटा अगदी गरमागरम आहे. ओडव्हारभावजींना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून तर एवढा धीर करते आहे, ती असू दे.

तुझी,
आस्लाउग


स्कारवीक,
२६ जून १९७६

चि. सौ. आस्लाउग हिला,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तुला बोडोला मिळेल. वाचल्यावर लगेच फाडून टाक, प्रेबेनच्या हाती लागू देऊ नकोस, नाहीतर तो तिथूनच गाडी वळवील.

बाबांना मी सांगितलं, की तू गुरुवारच्या फेरीबोटीने येते आहेस. लपवून काही उपयोग नव्हता, अख्ख्या बेटाला माहीत आहे. ते बरं म्हणाले आणि उठून घराखालच्या आपल्या धक्क्यावर गेले. तेव्हापासून बोटीत सामान भरणं चालू आहे. कॉफी नेली, सुकवलेला मासा नेला, घोंगडी नेली. ओडव्हारने गुपचूप इंजिनातला प्लग काढून आणला. दुसऱ्या दिवशी बाबा आमच्या दारात हजर. म्हणाले, जावईबापू, माझ्याकडे तसले प्लग खणभर आहेत, हा तुमच्या संग्रहाला ठेवा. ओडव्हारची अशी जिरलेली मी लग्नात तेवढी पाहिली होती.

हसू नकोस, मला रात्रंदिवस घोर लागलाय. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ओढाताण झाली, नांगर उचलावा लागला, तर तिथेच संपेल. मी बाबांच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिले. ते म्हणतात, मग तिला नको म्हणून सांग, मी कुठे जातोय?

फेरीच्या धक्क्यावरून माझ्या घरी यायचं तर रस्ता त्यांच्या घराच्या डोक्यावरूनच जातो, दुसरी वाट नाही. तुझी गाडी वळणावर दिसली की ते दोर सोडणार. मी ये म्हणून सांगितलं होतं. आता ये म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नको म्हणायलाही. तूच ठरव.

जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूची आहे, एवढं मनाशी पक्कं धर.

तुझी,
सोल्फ्रीदताई


बोडो,
३० जून १९७६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, आणि फाडण्याआधी प्रेबेनने वाचलं. पोस्टाच्या पायरीवर बसून मी रडायला लागले, मग लपवणार कशी?

तो परत फिरू म्हणतो. लग्नानंतर तो पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलला. म्हणाला, म्हाताऱ्याला काही झालं तर तुझे लोक आयुष्यभर तुला खुनी ठरवतील, आणि तू स्वतः त्यांच्याही आधी ठरवशील. खोटं काय त्यात? त्यात वाटेत नील्सला ताप भरला, दोन दिवस तंबूत त्याच्या उशाशी बसून काढले. सूर्य मावळत नाही म्हणून पर्निल झोपायला तयार नाही. आता ती विचारते, की आजोबा तुझ्यावर का चिडलेत. मी सांगितलं, चिडलेले नाहीत, म्हातारे झालेत. तिला पटलेलं दिसत नाही.

इथवर आल्यावर मला मागे फिरवत नाही, ताई. मी असं ठरवलं आहे. घराच्या वरच्या वळणावरच गाडी थांबवायची. मी आतच डोकं खाली घालून बसेन. प्रेबेन मुलांना घेऊन पायी खाली उतरेल. पोरं येऊ देत, असं ते स्वतःच म्हणालेत ना? मी दिसले नाही तर कदाचित दोर सोडणार नाहीत. त्यांनी पोरांना बघावं, पोरांनी त्यांना बघावं. मग मी तुझ्याकडे येईन आणि सुट्टी संपेपर्यंत तुझ्या स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकणार नाही. त्यांना जिवंत ठेवून परत जायचं, आणखी काही मागणं नाही.

हे पत्र सकाळच्या बोटीने आमच्या आधी पोचेल. तू त्यांच्या धक्क्याजवळ कुठेतरी राहा, त्यांच्यावर नजर ठेव. तुझा आधार कधी कमी पडला नाही, उद्याही पडू देऊ नकोस.

तुझी,
आस्लाउग


ओस्लो,
१८ ऑगस्ट १९७६

चि. सौ. आस्लाउग हिला,
अ. उ. आ. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. हे पत्र मी रुग्णालयातून लिहिते आहे आणि मला घाई आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

त्या गुरुवारी काय झालं ते तुला आणि मला सारखंच माहीत होतं, म्हणजे अर्धंच. मी मासे वाळवायच्या दांड्यांमागे उभी होते. पर्निल बापाच्या पुढे धावत धक्क्यावर आली. बाबांनी दोर सोडलेला होता, एक पाय बोटीत होता. त्यांनी काहीतरी विचारलं, ती काहीतरी बोलली. आणि बघते तर बाबा बोट तशीच टाकून चढ चढताहेत, त्या हृदयासकट! ओडव्हारने पाण्यात उतरून बोट धरली. वर गाडीचं दार उघडून ते तुला म्हणाले, कॉफी गार होतेय. एवढंच. पुढचे सगळे दिवस तुम्ही दोघं एका टेबलावर जेवलात, नील्स त्यांच्या पोटावर झोपला, पण का आणि कसं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आपल्या घरात विचारतंच कोण?

परवा इथे त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांनी पोरीला विचारलं होतं, की तुझी आई कुठे आहे. ती म्हणाली, वर गाडीत बसलीय, ‘ग्रीने’ करतेय, तुमचं घर दिसलं तेव्हापासून थांबतच नाही. आपल्याकडे नॉर्वेत ग्रीने म्हणजे रडणं. बाबा म्हणाले, पोरगी माझ्या दारात रडत बसली असताना मी बोट कशी काढू?

हे मला सांगितलं तिथवर ठीक होतं. पण मग ते वॉर्डभर सांगत सुटले. इथे एक डॅनिश नर्स आहे, हसतमुख मुलगी. काल तिलाही सांगितलं, तर ती म्हणाली, आजोबा, आमच्याकडे ग्रीने म्हणजे हसणं! तिला वाटलं, गंमत झाली.

बाबांचा चेहरा मला बघवेना. इतकंच म्हणाले, म्हणजे वर बसून ती मला हसत होती. तेव्हापासून डोक्यावर टोपी घालून कॉटच्या कडेला बसलेत. जेवत नाहीत. घरी ने म्हणतात, त्या झडपेसकट मरू दे म्हणतात. डॉक्टरांनी मंगळवार दिलाय, पण माणूसच तयार नसेल तर सुरी कुणावर चालवायची? आणि घरी नेले तर नाताळ दिसायचा नाही, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय.

तुला फोन लावून त्यांच्या हातात द्यावा म्हटलं, तर तुझं नाव काढताच त्यांनी तोंड फिरवलं. म्हणून तू त्यांनाच लिही, लगेच लिही. ऐकायचं नाही म्हणाले तरी मी मोठ्याने वाचीन, कॉटवरून पळून कुठे जातील? फक्त खरं तेच लिही. हसत होतीस तर हसत होते म्हणून लिही, का हसत होतीस ते लिही. खोटं त्यांना ताबडतोब कळतं.

माझा जीव टांगणीला लागलाय. बहिणीवर दया कर.

तुझी,
सोल्फ्रीदताई


ओडेन्से,
२० ऑगस्ट १९७६

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

ताई हे मोठ्याने वाचत असेल. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला असाल तरी हरकत नाही, कानांना भिंत नसते.

नर्स म्हणाली ते बरोबर आहे. इकडे ग्रीने म्हणजे हसणं. पर्निलला तो शब्द त्याच अर्थाने येतो, दुसरा अर्थ तिला ठाऊकच नाही. तिने तुम्हाला हेच सांगितलं, की आई हसतेय.

आता कसं झालं ते ऐका. वळणावर गाडी थांबली आणि खाली घर दिसलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला अजून आईचाच निळा पडदा होता. तो तुम्ही बदलला नव्हता. मला वाटलं होतं मी डोकं खाली घालून गुपचूप बसेन, पण मला हुंदका आवरेना. पाच वर्षांचं एकदम आलं. आईसाठी मी तोवर धड रडलेच नव्हते. पोर तान्ही होती, तिला पाजायचं होतं, मग रडायचं राहूनच गेलं.

पर्निल घाबरली. वाटेत भावाचा ताप बघून ती आधीच भेदरली होती. माझे खांदे हलताना बघून तिने विचारलं, की आईला काय झालं. मी स्कार्फमध्ये तोंड खुपसलं आणि तिला सांगितलं, काही नाही ग, आई ग्रीने करतेय, तू जा आजोबांकडे. डॅनिशमध्ये सांगितलं, हसतेय म्हणून सांगितलं. तिचा विश्वास बसला. तोच निरोप घेऊन ती उतारावरून तुमच्याकडे धावली.

मी लेकीशी खोटं बोलले होते, बाबा. तुम्हाला ऐकू आलं तेच खरं होतं.

प्रेबेनने रजा काढली आहे, मुलं त्याच्याजवळ राहतील. हे पत्र तातडीच्या टपालाने पुढे धाडते आणि मी परवाच्या बोटीने ओस्लोला निघते आहे. टोपी काढा आणि डॉक्टरांचं ऐका. राग उरला असेल तर ऑपरेशन झाल्यावर हवा तेवढा करा, मी समोर बसून घेईन. लोभ मात्र त्याआधी करा.

तुमची,
आस्लाउग